जंताचे आयुष्य आणि तिजोरीचे वर्ष

रोगांमध्येही श्रीमंत आणि गरीब असा भेद असतो, ही गोष्ट शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. पटकी, प्लेग, १९१८ ची मानमोडी आणि अगदी अलीकडचा कोरोना, हे सारे रोग हवेलीचा उंबरठा ओलांडणारे. ते आले की तार खडखडते, सभा भरतात, सरकारे हादरतात. त्यांच्या सनावळ्या आपल्याला तोंडपाठ असतात. परंतु काही रोग असे आहेत की ते कधी हवेलीत शिरलेच नाहीत. ते झोपडीत जन्मले, झोपडीतच म्हातारे झाले. त्यांनी माणूस एका दिवसात मारला नाही. त्याचा पाय सुजवला, डोळा घालवला, बोटे झडवली आणि त्याला तसेच पन्नास वर्षे जगू दिले. मरणाची मोजदाद होते. जगण्याची कोण करतो?

या दुसऱ्या प्रकारच्या रोगांना जागतिक आरोग्य संघटनेने 'उपेक्षित' असे नाव दिले आहे. सरकारी कागदावर इतका प्रामाणिक शब्द क्वचितच येतो. या यादीत आज एकवीस नावे आहेत, आणि ती वाचताना मराठी माणसाला परके असे फारसे काही वाटणार नाही. हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार, खुपऱ्या, नारू, पोटातले जंत, खरूज, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश, सर्पदंश. आपल्या आजीच्या तोंडी असलेली नावे! जगातील शंभर कोटींहून अधिक माणसांना यांपैकी कशाना कशावर औषधपाणी लागते. मी डॉक्टर नव्हे आणि अर्थशास्त्राशी तर माझा संबंध घरखर्चाच्या वहीपुरताच आला; तरीही या रोगांच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती समजायला घरखर्चाची वही पुरते. तीच येथे सांगायची आहे.

ती गोष्ट म्हणजे जंताचे आयुष्य.

नारूचा जंत माणसाच्या अंगात साधारण वर्षभर राहतो आणि मग पायातून बाहेर पडतो. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढून काढीत, तुटला तर पाय सडे, हे पाहिलेली माणसे खेड्यापाड्यांत अजून आहेत. हत्तीरोगाचा जंत पाच-सात वर्षे जगतो. आफ्रिकेतल्या नद्यांकाठी माणसाला आंधळे करणाऱ्या जंताचे आयुष्य चौदा-पंधरा वर्षांचे. आता या जंतांशी लढायचे तर लढाई किती वर्षे चालवायची, हे कोणी ठरवायचे? अर्थमंत्र्याने नव्हे, जंताने ते आधीच ठरवून ठेवलेले आहे. हत्तीरोगासाठी आम्ही गावोगाव ज्या गोळ्या वाटतो त्या रक्तातली पिले मारतात; मोठा जंत बहुधा तगून राहतो आणि काही काळाने पुन्हा वितो. म्हणून त्याच्या मरणापर्यंत, म्हणजे ओळीने पाच-सहा वर्षे, गावातल्या बहुतेक सर्वांना दर वर्षी गोळी द्यावी लागते. मध्येच एखादे वर्ष चुकले, तर मागे केलेल्या कामातला मोठा वाटा डास परत घेऊन जातो.

आमचा हा विदर्भाचा मुलूख हत्तीरोगाचा जुना मुलूख आहे. या रोगाची पिले दिवसा रक्तात दिसत नाहीत, रात्रीच वर येतात. त्यामुळे रक्त तपासणारी माणसे कंदिलाच्या काळापासून रात्री दहानंतर दार वाजवीत आली आहेत. गोळ्यांच्या दिवशी शिक्षक म्हणून आम्हीही हाताशी असतो. प्रत्येक वर्षी तोच प्रश्न येतो : "गुरुजी, मला तर काहीच झालं नाही, मग गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे. निरोगी माणसाने शेजाऱ्याच्या पायासाठी औषध घ्यावे, तेही पाच वर्षे, हे पटवायला गोळीपेक्षा माणूस जास्त लागतो. उंबरठ्यावर बसलेल्या एखाद्या आजीच्या, खांबासारख्या झालेल्या पायाकडे नुसते बोट दाखवावे लागते. पाणी द्यावे लागते, समोर उभे राहून गोळी गिळवावी लागते. गोळी फुकट येते. हे उभे राहणे फुकट होत नाही. त्याला गाडीभाडे लागते, भत्ता लागतो, छापील नोंदवही लागते. हा खर्च आपल्याकडे मुख्यत्वे आपलेच सरकार करते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत तो परदेशच्या मदतीवर चालत आला, आणि माझी कथा तिकडचीच आहे.

आफ्रिकेच्या पश्चिम भागात व्होल्टा नावाच्या नद्या आहेत. त्यांच्या खळाळत्या पाण्यात एक बारीक काळी माशी अंडी घालते. ती चावली की जंताची पिले अंगात शिरतात. मोठे जंत कातडीखाली गाठी करून राहतात आणि त्यांची लक्षावधी पिले अंगभर फिरतात. आधी रक्त निघेपर्यंत खाज सुटते, पुढे डोळे जातात. काही गावांत दहांतला एक माणूस आंधळा. लहान पोराने काठीचे एक टोक धरायचे, दुसरे टोक आंधळ्या बापाने, आणि असे शेतावर जायचे, हे दृश्य त्या भागात इतके नित्याचे होते की त्याचा पुढे पुतळा झाला आणि तो वॉशिंग्टनला जागतिक बँकेच्या इमारतीत उभा राहिला. लोकांनी काय केले असेल? त्यांनी नदी सोडली. काळीभोर सुपीक जमीन टाकून ते माळरानावर गेले. नदीकाठी राहावे तर डोळे जातात, माळावर जावे तर पीक जाते. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या वाचकाला या पेचाचा अर्थ समजावून सांगायला नको.

जागतिक बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्नमारा १९७२ साली अप्पर व्होल्टाला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला, गेले आणि त्यांनी हे पाहिले. हे गृहस्थ अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना व्हिएतनामच्या युद्धाचे मोठे हिशेबनीस होते. त्यांच्या खात्यावर काय काय जमा आहे तो विषय निराळा. पण येथे त्यांनी एक शहाणपणाचे काम केले. १९७४ साली सात देशांत नदी-अंधत्वाविरुद्ध मोहीम सुरू झाली. नद्यांवरून हेलिकॉप्टरे जाऊन दर आठवड्याला औषध टाकू लागली. पुढे देश अकरा झाले आणि सुमारे पन्नास हजार किलोमीटरचे नदीपात्र या फवाऱ्याखाली आले. मोहीम वीस वर्षे चालवावी लागेल हे पहिल्या दिवशीच मान्य करण्यात आले होते, कारण जंत पंधरा वर्षे जगतो.

आता १९७४ हे साल काय होते ते आठवून पाहा. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले. श्रीमंत देशांची पाचावर धारण बसली. या मोहिमेला पैसा देणाऱ्यांत ब्रिटन होते. आणि १९७४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत त्या ब्रिटनमध्ये विजेच्या टंचाईपायी कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळे. पुढे दोनच वर्षांनी, १९७६ साली, त्याच देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी उभे राहावे लागले. अशा अवस्थेत हजारो कोस दूरच्या आंधळ्यांसाठी पैसे देणे बंद करायला याहून चांगली सबब कोणती मिळाली असती? तरी मोहीम थांबली नाही. ती २००२ च्या अखेरीपर्यंत चालली. सहा लाख माणसांचे डोळे वाचले आणि अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा पेरणीखाली येण्याजोगी झाली, असा तिचा हिशेब सांगतात.

हे त्या राष्ट्रांच्या औदार्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. औदार्य ही गोष्ट सरकारांच्या ठिकाणी मी फारशी पाहिलेली नाही. ओसाड पडलेल्या नदीकाठी पुन्हा भात आणि कापूस पिकेल, हा हिशेब मोहिमेच्या मुळाशी होताच. पण खरी किल्ली व्यवस्थेत होती. पैसा जागतिक बँकेने सांभाळलेल्या एका सामाईक निधीत गोळा होई, आणि देणाऱ्यांची वचने सहा-सहा वर्षांच्या टप्प्यांनी घेतली जात. कोणा एका देशाचा अर्थमंत्री बदलला, कोणा एका देशाची तिजोरी रिती झाली, तरी हेलिकॉप्टर जमिनीवर उतरत नसे. आपल्याकडे आजोबा नातीच्या लग्नासाठी पैसे बाजूला टाकतात आणि दुष्काळ पडला तरी त्याला हात लावत नाहीत, तसलेच हे काहीसे. जंताच्या आयुष्याला पुरेल इतके लांब पैशाचे आयुष्य करण्यात आले होते.

त्यातच १९८७ साली दुसरी गोष्ट घडली. जपानातल्या मातीच्या एका नमुन्यातून निघालेल्या जिवाणूपासून आयव्हरमेक्टिन नावाचे औषध तयार झाले होते; त्याबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. औषध उत्तम, पण ते ज्यांना हवे त्यांच्या खिशात दमडी नाही. तेव्हा मर्क या अमेरिकन कंपनीने ते लागेल तितके, लागेल तितकी वर्षे फुकट देण्याचे जाहीर केले. पुढे २०१२ साली लंडनमध्ये तेरा औषध कंपन्यांनी असल्याच रोगांसाठी देणग्यांची वचने दिली. गोदामांत गोळ्यांच्या राशी आल्या. उरला तो फक्त गोदामापासून तोंडापर्यंतचा प्रवास.

आणि २०२० साल उजाडले.

त्या वर्षीचे वर्णन कोणाला सांगायचे? सारे जग दार लावून बसले होते. १ एप्रिल २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, घरोघर जाऊन गोळ्या वाटणे, रोगी शोधणे, पाहणी करणे तूर्त थांबवा. सांगणे बरोबरच होते. दारोदार जाणारा माणूसच रोग घेऊन जाईल ही भीती खोटी नव्हती. त्या वर्षी उपेक्षित रोगांवर उपचार मिळालेल्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने घटली. कुष्ठरोगाचे आकडे तर पाहण्यासारखे आहेत. २०१९ साली जगात दोन लाखांच्या वर नवे रोगी नोंदले गेले. २०२० साली सुमारे एक लाख २७ हजार. एकट्या भारतात एक लाख १४ हजारांवरून आकडा ६५ हजारांवर आला. असा आकडा पाहून एखादा भाबडा मंत्री पेढे वाटील. रोगी कमी झाले नव्हते. मोजायला जाणारी पावले थांबली होती.

एक विनोदही त्या काळात घडला, तो सांगून टाकतो. जे आयव्हरमेक्टिन नदीकाठच्या आंधळ्यांसाठी फुकट वाटले जात होते, त्याच औषधावर कोरोनाच्या भीतीने साऱ्या जगाची उडी पडली. आपल्या शेजारच्या गोव्याच्या सरकारने मे २०२१ मध्ये अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याचे जाहीर केले. कोरोनावर त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. गरिबाच्या रोगाचे औषध श्रीमंताच्या रोगावर चालेल असे वाटताच त्याची कीर्ती एका रात्रीत घरोघर पोचली.

पण थांबलेले काम पुन्हा सुरू करता येते. २०२० च्या उत्तरार्धात अनेक देशांत ते सुरू होऊही लागले होते. खरा घाव बसला तो रोगाच्या साथीने नव्हे, तर साथीनंतरच्या हिशेबाने.

ब्रिटनने २०१९ साली असेंड या नावाची एक मोठी योजना हाती घेतली होती. बावीस कोटी पौंडांची; आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या वीसहून अधिक देशांसाठी. हत्तीरोग, नदी-अंधत्व, खुपऱ्या, काळा आजार, अशी दुखणी तिने घेतली होती. २०२० साली ब्रिटनचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक-दशांशाने आकसले. सरकारने घरी बसलेल्या कामगारांचे पगार भरले, अपरंपार कर्ज काढले. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी जाहीर केले की परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर आणली जाईल. हा ०.७ टक्का तेथे २०१५ पासून कायद्याने लिहिलेला होता. बचत व्हायची ती वर्षाला सुमारे चारशे कोटी पौंडांची. २०२१ च्या वसंतात असेंड योजना मुदतीआधीच गुंडाळण्यात आली.

न्यायाने बोलायचे तर ब्रिटनची अडचण खोटी नव्हती. घरात आजारी माणूस असताना शेजारच्या गावच्या वर्गणीत हात आखडता घेणाऱ्याला मी दोष देत नाही. पण कुठे आखडता घेतला ते पाहावे. ज्या कामाला सर्वांत कमी पैसे लागत होते, ज्याची गोळी आधीच फुकट मिळाली होती, नेमके तेच काम मोडले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला की पंचवीस कोटींहून अधिक दान आलेल्या गोळ्या पोचवायला पैसा नसल्यामुळे मुदत संपून जाळून टाकाव्या लागतील. जुलैत काही धर्मादाय संस्थांनी नऊ कोटी पौंडांच्या वर तातडीची मदत ब्रिटनच्या बंद पडलेल्या अनेक कामांसाठी जाहीर केली, त्यातला काही भाग या गोळ्यांसाठीही होता. त्याच महिन्याच्या १३ तारखेला पार्लमेंटमध्ये मतदान झाले. कपातीच्या बाजूने ३३३, विरुद्ध २९८. थेरेसा मे या माजी पंतप्रधान स्वतःच्या पक्षाविरुद्ध उभ्या राहिल्या. पस्तीस मतांनी निकाल लागला.

हेच ब्रिटन १९७४ साली याहून दरिद्री होते. मग फरक कशाचा? माझ्या मते निधीच्या बांधणीचा. व्होल्टाचा पैसा सामाईक पेटीत, सहा वर्षांच्या वचनाने बांधलेला. असेंडचा पैसा एका देशाच्या एका खात्यात, एका सहीने सुटणारा. हे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि मार्चला संपते. आपल्या मार्चअखेरीची धांदल हीही ब्रिटिशांचीच देणगी, १८६७ पासूनची. त्या बारा महिन्यांच्या वहीत पंधरा वर्षे जगणाऱ्या जंताला रकानाच नाही.

अर्धवट सोडलेल्या कामाचे काय होते, हे कळायला आफ्रिकेपर्यंत जायला नको. सिलोनमध्ये १९६३ साली हिवतापाचे वर्षभरात सतरा रोगी उरले होते. जिंकलो असे समजून फवारणी आवरण्यात आली. १९६८-६९ मध्ये पाच लाखांवर लोक तापाने फणफणले. आपल्या देशात १९६५ च्या सुमारास हिवतापाचे रोगी लाखावर आले होते. मग ढिलाई आली, युद्धे आली, तेलाबरोबर कीटकनाशकेही महागली, डासही डीडीटीला निर्ढावले. १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांच्या वर गेला. ज्या तेलाच्या संकटात व्होल्टावरची हेलिकॉप्टरे उडत राहिली, त्याच संकटात आमच्याकडचा फवाऱ्याचा पंप कोरडा पडत होता. आणखी मागे जायचे तर १९१८ च्या मानमोडीने आपल्याकडे कोटीच्या वर माणसे नेली, आणि १९१९ च्या सुधारणांनी सार्वजनिक आरोग्याचे खाते प्रांतांच्या लोकनियुक्त मंत्र्यांच्या हवाली केले. तिजोरीची किल्ली मात्र गव्हर्नराच्या माणसांकडे ठेवली. खाते मंत्र्याचे, पैसा दुसऱ्याचा! त्यात कुष्ठरोग्याच्या वाट्याला काय येणार?

उलट नारू पाहा. १९८४ साली देशात त्याचे सुमारे चाळीस हजार रोगी होते, आपला महाराष्ट्र धरून सात राज्यांत. त्याच्यावर ना लस, ना औषध. पाणी गाळायचे फडके, पायविहिरी बंद करून रहाट आणि हातपंप, आणि गावोगाव फिरून प्रत्येक रोगी नोंदणारा कार्यकर्ता, एवढीच सामग्री. रोगी शंभरावर आले तेव्हाही मोहीम बंद केली नाही, दहावर आले तेव्हाही नाही. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूरकडे सापडला. त्यानंतरही साडेतीन वर्षे, एकही रोगी नसताना, शोध चालूच ठेवला आणि मगच २००० च्या फेब्रुवारीत प्रमाणपत्र मिळाले. नसलेल्या रोग्याला शोधण्यासाठी पैसे मागणारा तो कारकून आणि ते मंजूर करणारा तो अधिकारी यांची नावे कोणालाही माहीत नाहीत. माझ्या मते त्या मोहिमेतले सर्वांत अवघड काम त्यांनीच केले.

असेंडच्या नंतरची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती अजून चालू आहे. ब्रिटनने 'तात्पुरती' म्हणून केलेली कपात उठली तर नाहीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मदत २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर झाले. कारण या वेळी साथ नव्हती, संरक्षणाचा खर्च होता. अमेरिका २००६ पासून या रोगांसाठी मोठी मदत देत होती. २० जानेवारी २०२५ रोजी तेथे नवे अध्यक्ष आले आणि त्याच दिवशी परदेशी मदत थांबवण्याचा हुकूम निघाला. जुलैपर्यंत ते खातेच बंद झाले.

त्या हुकुमानंतर दहाच दिवसांनी, ३० जानेवारी २०२५ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की नायजर या देशातून नदी-अंधत्वाचा प्रसार थांबला आहे. आफ्रिकेतला असा हा पहिला देश. व्होल्टाच्या मोहिमेतल्या मूळच्या सात देशांपैकी हा एक, आणि जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकीही एक. तेथल्या नद्यांवर फवारणी १९७६ साली सुरू झाली होती. ती १९८९ पर्यंत चालली. मागाहून हत्तीरोगाच्या गोळ्यांबरोबर आयव्हरमेक्टिनही वर्षानुवर्षे वाटले गेले, आणि मग माशा पकडून व माणसांचे रक्त तपासून खात्री करण्यात आली. पहिल्या फवाऱ्यापासून प्रमाणपत्रापर्यंत एकोणपन्नास वर्षे गेली.